घनाचे चार कर्ण

त्या प्रश्नाला सहा गुण होते आणि प्राप्ती केणेला मी एक दिला होता. तोही आकृतीचा. उत्तराखाली लाल पेनाने रेघ मारून शेजारी '३' लिहिलं होतं. म्हणजे उत्तर तीन हवं होतं, हिने सहा लिहिलं. पेपराची एकूण बेरीज छत्तीस. पास व्हायला चाळीस लागतात. बाकी एक्केचाळीस मुलांनी तीनच लिहिलं होतं आणि त्यांना मी पूर्ण गुण दिले होते.

कल्याणच्या एका कॉलेजात मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवते. म्हणजे दर जुलै-ऑगस्टमध्ये नवा करार, आणि तो विभागप्रमुखांच्या शिफारशीवर. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही अशी तक्रार दरवर्षी येते. मी फळ्यावर अक्षर मोठं काढते आणि चालवून घेते.

प्रश्न असा होता: मिठाचा स्फटिक घनाकार आहे असं धरा. त्याच्या एका मुख्य कर्णाचा स्टॅबिलायझर काढा, आणि ऑर्बिट सांगा.

ज्यांनी हा विषय कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. मिठाचा चौकोनी दाणा हातात घ्या आणि असा फिरवा की फिरवून झाल्यावर तो आधी होता तसाच दिसेल. अशा फिरवण्याच्या बरोबर चोवीस तऱ्हा आहेत. काहीच न करणं हीही त्यातली एक. आता दाण्याचा एक कोपरा निवडा. चोवीसपैकी कितीमध्ये तो कोपरा जागच्या जागी राहतो? तीनमध्ये. या तिघींचा जो छोटा गट, तो त्या कोपऱ्याचा स्टॅबिलायझर. आणि फिरवून फिरवून तो कोपरा ज्या ज्या जागी जाऊ शकतो त्या सगळ्या जागा म्हणजे त्याची ऑर्बिट. कोपरे आठ, आठ त्रिक चोवीस. हा गुणाकार नेहमी चोवीसच यावा लागतो. कडा बारा, म्हणून प्रत्येक कडेला दोन. बाजू सहा, म्हणून प्रत्येक बाजूला चार. मला हा सिद्धान्त फार आवडतो. देवाच्या घरी हिशेब चोख असतो असं मी वर्गात म्हणते आणि मुलं हसतात.

मुख्य कर्ण म्हणजे एका कोपऱ्यापासून आरपार समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी रेघ. आमच्या उत्तरसूचीत लिहिलं होतं: स्टॅबिलायझर तीन, ऑर्बिट आठ. उत्तरसूची माझ्या अक्षरात होती. मी ती विभागाच्या पुस्तिकेवरून उतरवली होती आणि पुस्तिका विभागप्रमुख धनेश सरांची. अकरा वर्षांपूर्वी छापलेली, मागच्या पानावर सरांचा फोटो. मुलं तीच पाठ करतात.

निकाल लागला जूनमध्ये. प्राप्तीने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला. आणि जुलैमधल्या एका शनिवारी ती थेट माझ्या घरी, डोंबिवलीला आली. बरोबर तिची आजी.

चातुर्मास लागून चार दिवस झाले होते. मी उंबऱ्यापाशी रांगोळीने गोपद्मं, म्हणजे गाईची पावलं, काढत होते. रोज तेहतीस, पाच वर्षं, असा माझा नेम आहे. एकोणिसाव्याला जिन्यात पावलं वाजली.

"मॅडम, मी प्राप्ती. सीट नंबर..."

"ओळखते गं. थांबा हं, चौदा राहिलीत."

त्या दोघी जिन्यात उभ्या राहिल्या. आजीने नऊवारीचा ओचा सावरला आणि रांगोळीच्या पावलांवर नजर ठेवली. भागीरथी तिचं नाव. दिव्याच्या खाडीकाठच्या गावातली, जन्म मिठागरात राबण्यात गेलेला, हे मला नंतर कळलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाय, सावकास. आमाला गारी पकरायची नाय."

आत आल्यावर मी पाणी दिलं. प्राप्तीने पिशवीतून झेरॉक्स काढली, आणि तिच्या पाठोपाठ कपडे धुवायच्या साबणाचा एक घन. सुरीने कापून, दगडावर घासून कडा सरळ केलेला. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत खराट्याची हीर आरपार घातलेली.

"ही चार दिस साबनच कापतंय," आजी म्हणाली. "धुना परलाय घरान."

"आजी, गप गो." प्राप्ती माझ्याकडे वळली. "मॅडम, थोडं कुंकू मिळेल? आणि हळद."

मी देव्हाऱ्याजवळची कोयरी आणून दिली. तिने हिरीच्या एका टोकाला कुंकू लावलं, दुसऱ्याला हळद.

"ही हीर म्हणजे कर्ण. हिला धरून साबण फिरवला की तीन तऱ्हा होतात. त्या तुम्ही शिकवल्या, त्या मला मान्य. आता हे बघा." हिरीच्या टोकांना न लागणाऱ्या, समोरासमोरच्या दोन कडांच्या बरोबर मधोमध तिने दोन बोटं टेकवली आणि साबण अर्धा फिरवला. साबण पुन्हा पहिल्यासारखाच बसला. हीरही होती त्याच रेघेत. फक्त कुंकू होतं तिथे हळद आली आणि हळद होती तिथे कुंकू.

"हीर हलली?" तिने विचारलं.

"टोकं बदलली."

"हीर हलली का, ते विचारलं मॅडम."

 तिने आणखी दोन तऱ्हांनी तसंच करून दाखवलं. तीन आणि तीन सहा.

शिक्षक लगेच कबूल होत नाही. मी म्हटलं, "अगं, पण टोकं अदलाबदल झाली तर आपण ती धरत नाही."

"मग कडेचे दोन कसे धरता?" ती तयारच होती. "कडेचा स्टॅबिलायझर दोन, तुमच्याच पुस्तिकेत आहे. एक काहीच न करण्याचा. दुसऱ्यात कडेची टोकं बदलतातच ना? कडेची बदललेली चालतात, कर्णाची नाही चालत?"

मी साबण हातात घेतला. आणि तेवढ्यात ती शेवटचं बोलली, अगदी साधेपणाने: "आणि मॅडम, ऑर्बिट आठ लिहिलंय. घनाला आठ कर्ण असतात?"

घनाला चार कर्ण असतात. आठ कोपरे, दोन दोन जोडून चार. हे चौथीतलं मूलसुद्धा पेन्सिलीने मोजेल. मी नऊ वर्षं फळ्यावर 'आठ' लिहीत होते आणि नऊ वर्षांत कोणी मोजले नव्हते. चार गुणिले सहा, चोवीस. देवाच्या घरचा हिशेब चोखच होता. मीच तो न पाहता उतरवून घेतला होता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"मग तसं लिहून द्या."

आजीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हंजे आमचे पोरीचा बरोबर हाय?"

"हो, आजी. हिचं एकटीचंच बरोबर आहे."

"मंग मार्क कनाला कापलं?" ती हसली, दातांच्या फटीतून. "मिठाचा सवाल, न मिठागरवालीचीच पोर नापास. बरा हाय गो तुमचा कालेज!"

प्राप्तीला व्याख्या पाठ करायचा भारी कंटाळा. अर्ध्या पेपरात 'सिद्धान्त मांडा' असंच असतं, आणि तो अर्धा पेपर ती कोरा सोडते. म्हणून छत्तीस. जे तिने लिहिलं होतं ते सगळं तिने स्वतः पाहिलेलं होतं. एम. एस्सी.ला तिला घ्यायला मुंबईतली एक संस्था तयार होती. प्रवेश परीक्षेत ती वर आली होती. फक्त पदवी हवी होती आणि तीही पहिल्या फटक्यात मिळालेली. गुणपत्रिकेवर ग्रेसचा तारा असलेली तिथे चालत नव्हती. शेवटची तारीख एकतीस जुलै.

सोमवारी मी धनेश सरांना प्राप्तीने ठेवून दिलेला साबणाचा घन दाखवला. सर हुशार आहेत, त्यांना फार वेळ लागला नाही. पण हुशार माणूस चूक कबूल करण्याआधी वाट शोधतो.

"कल्पिता मॅडम, आपण इथे कर्ण म्हणजे दिशा असलेला कर्ण धरलाय. या टोकाकडून त्या टोकाकडे. मग ते आठ होतात. स्टॅबिलायझर तीन. सगळं बसतं."

"बसतं सर. पण प्रश्नात दिशा म्हटलेलं नाही."

"गृहीत आहे ते."

"मग कडेलाही दिशा गृहीत धरू. कडा चोवीस होतील, स्टॅबिलायझर एक. पुस्तिकेत त्याच पानावर दोन छापलंय."

सरांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरून समिती येत्येय. पुस्तिका आपण 'विभागाचं योगदान' म्हणून दाखवतोय. आत्ता हे उकरायचं? त्या मुलीला चार ग्रेस देऊन टाकू. छत्तीस आणि चार चाळीस. पास. तिचंही भलं, आपलंही."

"ग्रेसचा तारा लागतो गुणपत्रिकेवर. तिचा प्रवेश जाईल."

"अहो, नापासाला प्रवेश मिळतो का?"

प्राप्तीला मी फोनवर हे सांगितलं. पलीकडे कुठेतरी टँकर आला असावा, बादल्यांचा आणि बायकांच्या भांडणाचा आवाज येत होता. ती त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "ग्रेस नको, मॅडम! चुकलं त्याला ग्रेस असतो. माझं चुकलेलं नाहीये!"

गुरुवारी दुपारी परीक्षा विभागाच्या मंजुळा मॅडमनी मला त्यांच्या केबिनमध्ये डबा घेऊन बोलावलं. "तिथेच जेवू, जरा बोलून घेऊ," असा निरोप. मी गेले तर धनेश सरही होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरून तीन डबे. माझ्या डब्यात वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, गुरुवार म्हणून.

चातुर्मासात मी मौन भोजन करते. पहिला घास घेतला की शेवटचा संपेपर्यंत शब्द नाही. कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. शिपाईसुद्धा त्या वेळात मला हाक मारत नाहीत, खुणेने चावी मागतात. आणि मध्ये तोंडून शब्द गेलाच, तर तिथेच ताटावरून उठायचं. त्या दिवशी पुन्हा अन्न नाही. असा आमच्याकडचा नेम आहे, सासूबाईंनी घालून दिलेला.

मी चित्राहुती घातली, हात जोडले, पहिला घास घेतला. दुसरा घास तोंडात असताना मंजुळा मॅडमनी फाईल उघडली.

"मी वाचते हं. पुनर्मूल्यांकन समितीची सभा. उपस्थिती तिघांची. विषय, कुमारी प्राप्ती केणे. उत्तरसूची तपासली असता ती योग्य आढळली. सहानुभूती म्हणून चार गुण ग्रेस देण्याचं ठरलं. परीक्षक प्रा. कल्पिता यांची हरकत नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नाही ना हरकत?"

मी घास गिळला.

"नाहीये," सर लोणच्याची फोड उचलत म्हणाले. "मॅडम कधी कशाला हरकत घेतात?"

"त्यांचं मौन आहे, सर."

"तेच म्हणतोय मी. मौन म्हणजे संमती, आपल्याकडे म्हणतातच." आणि दोघंही हसली. वाईट माणसं नाहीत ती. माझ्या आजारपणात मंजुळा मॅडमनी दोन महिने माझे तास इतरांना वाटून दिले होते. त्यांनी फक्त हिशेब केला होता, की जेवण वीस मिनिटांचं, कागद दोन मिनिटांचा, आणि ही बाई नेम मोडणार नाही.

मंजुळा मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. 'हरकत नाही' या शब्दांच्या पुढे टिंब देऊन त्या खाली सही करायला वाकल्या.

माझा हात डब्यावर होता. आमटी अजून गरम होती. मौन मी पाळते ते अन्नाच्या मानासाठी, अन्नपूर्णेसमोर बडबड नको म्हणून. कोणाच्या खोट्या कागदाला आडोसा द्यावा म्हणून ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

"हरकत आहे," मी म्हटलं.

मंजुळा मॅडमचं पेन थांबलं. सरांच्या हातातली फोड पोळीवर पडली.

"मॅडम, अहो, तुमचं जेवण..."

"झालं." मी डब्याचं झाकण लावलं आणि उठून उभी राहिले. आवाज माझा तसाच होता, शेवटच्या बाकापर्यंत न पोचणारा. पण केबिन लहान होती. "लिहा. परीक्षकाची हरकत आहे. उत्तरसूची चुकीची होती. ती परीक्षकानेच लिहिली होती. विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर आहे, आणि तिला राहिलेले पाच गुण उत्तराचे म्हणून द्यायचे आहेत, ग्रेस म्हणून नाही."

"आणि बाकीचे एक्केचाळीस?" सर म्हणाले. "त्यांचे पाच पाच कापणार? उद्या पालक गेटवर उभे राहतील."

"त्यांना चुकीचं मी शिकवलं. त्यांचे गुण तसेच राहू देत. कारणासकट तेही लिहा."

"मॅडम, बसा. शांत व्हा."

"मी शांतच आहे, सर."

ते खरं होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास होत होता. मी ओरडले असते तर 'बाईंचा उपासाने तोल गेला' म्हणायला सोपं गेलं असतं.

सरांनी हात पुसले. मग हळू, जवळजवळ माझ्याच आवाजात म्हणाले, "पुढच्या महिन्यात करार आहेत. शिफारस मला लिहायची असते. मी काही धमकी देत नाहीये. आठवण करून देतोय."

"आठवण आहे."

"मुलाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष ना तुमच्या?"

"हो."

"मग?"

मंजुळा मॅडम माझ्याकडे पाहत होत्या, नजरेनेच 'जाऊ दे गं' म्हणत. मला भीती वाटत नव्हती असं नाही.  पण माझ्यासमोर एक साधी गोष्ट होती. ग्रेसच्या ठरावालाही परीक्षकाची सही लागते. ती मी दिली नाही तर तो कागद पुढे जात नव्हता.

"ग्रेसवर मी सही करणार नाही," मी म्हटलं. "आज नाही, एकतीस तारखेला नाही, करारानंतर नाही. दुसरा परीक्षक नेमायचा तर नेमा. त्याला साबणाचा घन मी स्वतः दाखवेन. समिती येईल तेव्हा समितीलाही दाखवेन. फार वेळ लागत नाही. अर्धा फेरा."

 मग मंजुळा मॅडमनी तो कागद फाईलमधून ओढून काढला, चार तुकडे केले आणि नवा कागद घेतला.

"सांगा," त्या म्हणाल्या. "हळू सांगा, मला तुमचे ते कर्ण-बिर्ण कळत नाहीत."

"मंजुळाबाई!" सर म्हणाले.

"सर, चुकीचा कागद मी आजवर पुष्कळ टाईप केलाय. चुकीचा म्हणून माहीत असलेला नाही." आणि माझ्याकडे न बघता, "सांगा हो, दोन वाजता कॅशियर येतो."

मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. 'कारण' या रकान्यात मी माझ्या हाताने एक ओळ घातली: घनाला चार मुख्य कर्ण असतात, आठ म्हणणं ही माझी चूक होती. सरांनी सही केली नाही. तिघांपैकी दोघांच्या पुरतात.

प्राप्ती केणे, एक्केचाळीस गुण, तारा नाही. सव्वीस जुलैला तिला नवी गुणपत्रिका मिळाली आणि सत्तावीसला तिने पैसे भरले. फोनवर आजी बोलली, "बाय, तुमी जेवन टाकून उठलाव असा पोर सांगतंय. ये एक दिस. खारातली चिंबोरी..." मग कोणीतरी तिला मागून काही सांगितलं. "नाय का खात? अरारा. मंग भाजी करीन."

ऑगस्टच्या वेळापत्रकात माझं नाव नाही. शिफारसपत्रात सरांनी 'अध्यापनात त्रुटी, स्वतः मान्य केल्याप्रमाणे' असं लिहिलं आहे. शब्द खोटा नाही, म्हणून त्यावर मी काही म्हणणार नाही. घरी सकाळी तिघं-चौघं येऊ लागलीत शिकायला. पुढचं पुढे.

पण पुस्तिका राहिली होती. ग्रंथालयात तिच्या चौदा प्रती आहेत. पुढची मुलं त्याच उतरवणार, आणि उतरवलेलं कोण मोजतं, हे मला माझ्यावरून कळलेलं आहे. ओळखपत्राची मुदत एकतीस ऑगस्टपर्यंत होती. तीस तारखेला मी ग्रंथालयात गेले आणि गोमाजींकडे, आमच्या ग्रंथालयातल्या जुन्या माणसाकडे, चौदाही प्रती मागितल्या. त्यांनी गठ्ठा आणून ठेवला.

मी पहिली प्रत घेतली, सत्तावन्नावं पान काढलं. 'तीन' वर रेघ मारून 'सहा' लिहिलं, 'आठ' वर रेघ मारून 'चार' लिहिलं. समासात पूर्ण सही केली आणि तारीख घातली.

"ओ मॅडम," गोमाजी काउंटरमागून उठून आले, "पुस्तकात लिहायला मनाई आहे. पाटी आहे ना वर. दंड लागतो, प्रतीमागे पन्नास."

"माहीत आहे, गोमाजी."

"सरांना कळवावं लागेल मला."

"कळवा ना. पान सत्तावन्न म्हणावं."

ते तिथेच उभे राहिले. मी दुसरी प्रत उघडली.